दुखणं पायात नसतं

कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले, की घरातला प्रत्येक जण पायांकडे बघतो. कुणी पंजा उलटा करून काटा शोधतं, कुणी मांडी चोळतं, कुणी कमरेला धरून उभं करतं आणि सोडलं की ते जनावर पुन्हा फतकल मारतं. मावळातल्या वाड्यांवर मग तेल कोमट होतं. जुनी माणसं बिब्बा घालायला सांगतात, क्वचित गुरांना देतात तसा डागही. लोणावळ्याच्या बंगल्यांत बिब्ब्याऐवजी माणसांच्या औषधांच्या डब्यातली गोळी येते. आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक, अर्धी मोडून, पोळीत गुंडाळून. बिब्ब्यानं कातडी भाजते. गोळीनं कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडांना इजा होते, आणि वर डॉक्टरांना हवं ते औषध लगेच देता येत नाही, कारण दोन्हींचं पोटात जमत नाही. शिकल्यासवरल्या घरातला उपाय अडाणी उपायापेक्षा घातक आहे, असं म्हणायला मला काही संकोच वाटत नाही.

सगळ्यांचा रोख पायांवर असतो हीच गफलत. सकाळी गेटपर्यंत धावलेला कुत्रा दुपारी बसला आणि उठेना, तर दुखणं बहुतेक वेळा पायात नसतंच. ते मणक्यात असतं, रक्तात असतं, पोटात फुटलेल्या गाठीत असतं, सापाच्या विषात असतं, नाहीतर मेंदूत. पाय फक्त ते दाखवतात. ‘लकवा मारला’ म्हणून आपण मोकळे होतो, आणि त्या एका शब्दाखाली पाच-सात वेगवेगळी दुखणी जातात. त्यातली काही चार दिवस थांबतात, काही चार तासही थांबत नाहीत.

मावळ तालुक्यात ही सगळी दुखणी एकाच पंचक्रोशीत भेटतात. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. खाली इंद्रायणी तांदळाची खाचरं, गोठे, पेंढ्याच्या गंजी, आणि त्यांना खेटून तुंगार्ली-खंडाळ्याचे बंगले, पवनेच्या काठचे तंबू. एक कुत्रा शनिवारी मुंबईहून वातानुकूलित गाडीतून उतरतो, दुसरा कार्ल्याच्या शिवारात राखणीला रात्र काढतो. दोघांचे पाय गेले तर दोघं बसतात सारखेच. कारणं मात्र दोन टोकांची.

बंगल्यातला आधी घेऊ, कारण त्याच्या बाबतीत घड्याळ सगळ्यांत जास्त फसवतं.

डॅशहंड, बीगल, कॉकर स्पॅनियल, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग. आखूड पायांच्या किंवा बुटक्या बांध्याच्या या जातींच्या मणक्यांमधल्या चकत्या लवकर म्हाताऱ्या होतात. चकतीला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. या कुत्र्यांमध्ये तो गर वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कोरडा पडू लागतो, त्यात कॅल्शियम साचतं. मग एखाद्या दिवशी सोफ्यावरची साधी उडी पुरते. कडं फाटतं आणि तो टणक गर थेट मज्जारज्जूवर आदळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१७ साली याचं मूळ दाखवलं. कुत्र्याच्या १२ व्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत बसलेली असते, आणि ज्या प्रकारच्या घडणीमुळे हे कुत्रे आपल्याला गोजिरवाणे वाटतात तिच्याशीच चकतीचं हे लवकर झिजणं जोडलेलं आहे. बंगल्याच्या गुळगुळीत फरशीवर घसरला म्हणून झालं, असं मालक सांगतात. फरशी निमित्त असते. दारूगोळा आधीपासून भरलेला असतो.

आता पशुवैद्याच्या टेबलापाशी जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण सगळा निकाल तिथं लागतो. डॉक्टर आधी कुत्र्याला उभं धरतात आणि मागचा एक पंजा उलटा करून, नखांची बाजू टेबलाला टेकवून सोडतात. शाबूत मज्जारज्जूचा कुत्रा क्षणात पंजा सुलटा करतो. त्याला विचार करावा लागत नाही. बिघडलेल्याचा पंजा तसाच उलटा राहतो आणि त्याला पत्ताच नसतो. मग पाठीच्या कण्यावरून एकेका मणक्यावर बोटं दाबत जातात. एका जागी कुत्रा अंग चोरतो. शेवटी चिमटा घेऊन मागच्या बोटाचं हाड दाबतात. इथं मालक हमखास फसतो. पाय मागे ओढला गेला की तो म्हणतो, ‘बघा, कळतंय त्याला!’ पाय ओढणं ही मज्जारज्जूची खालच्या खाली होणारी प्रतिक्रिया असते, तिला मेंदू लागत नाही. डॉक्टर पायाकडे बघतच नाहीत, तोंडाकडे बघतात. कुत्रा मान वळवतो का, कण्हतो का, चावायला येतो का. आला तर डॉक्टरांना बरं वाटतं.

चावायला येणारा कुत्रा आणि ढिम्म राहणारा कुत्रा यांच्यातला फरक फार मोठा आहे. मज्जारज्जू दाबला गेला की आधी पाठ दुखते, मग तोल जातो, मग पाय हलेनासे होतात, मग लघवीवरचा ताबा सुटतो आणि सगळ्यांत शेवटी ही खोलवरची वेदना जाते. ती शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली तर दहातले नऊ किंवा अधिक कुत्रे पुन्हा चालतात. ती गेल्यावर केली तर साधारण निम्मेच. ज्यांची वेदना गेलेली असते त्यांच्यातल्या काहींत, दहात एखाद्यात, मज्जारज्जू पुढच्या काही दिवसांत वर-खाली विरघळत जातो आणि मग हातात काही राहत नाही. म्हणून ‘रात्रभर बघू, सकाळी फोन करू’ हे वाक्य इथं सगळ्यांत महाग पडतं. संध्याकाळी डुलत चालणारा डॅशहंड पहाटे मागचं अंग फरपटत असू शकतो.

प्रत्येक पाठीला सुरी लागत नाही, हेही सांगायला हवं. नुसतं दुखणं असेल, किंवा पाय डगमगतात पण कुत्रा आपला आपण चालतो अशी अवस्था असेल, तर पुष्कळ कुत्रे विश्रांतीनं सुधारतात. विश्रांती म्हणजे पिंजऱ्यातली. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०२२ साली एकमतानं जी शिफारस केली तीत किमान चार आठवडे सांगितले आहेत. आपल्याकडे चौथ्या दिवशी कुत्र्याला बरं वाटतं, घरातल्या मुलांना दया येते, पिंजरा उघडतो आणि उरलेला गर बाहेर येतो. त्याच शिफारशीत स्टेरॉइडचं इंजेक्शन सरसकट देऊ नये असंही म्हटलं आहे. एका सुईत उभा करतो म्हणणाऱ्यांचा धंदा आपल्याकडे अजून बरा चालतो.

मोठ्या कुत्र्यांचं गणित निराळं. पवनेच्या काठावर चेंडूमागे पळणारा लॅब्राडोर एकदम केकाटतो आणि कोसळतो. एक मागचा पाय पार गेलेला, दुसरा बराच शाबूत. तासाभरात वेदना ओसरते, पाठीवर दाबलं तरी तक्रार नाही. चकतीचा एक बारीक कण मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडकला, असं यात बहुधा निघतं. दिवसभरानंतर लुळेपणा वाढत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही, व्यायामानं पुष्कळ कुत्रे चालू लागतात. पण हे निदान घरी बसून स्वतःच करून घ्यायचं नसतं. पहिल्या तासात चकती फुटलेला आणि हा, दोघंही सारखेच दिसतात.

आता शिवारातला. पावसाळ्याच्या रात्री ओसरीवर झोपलेला गावठी कुत्रा, पहाटे उठताना मागून झोकांड्या देतो. अंगावर जखम नाही, सूज नाही, कुणी मारलेलं नाही. थोडी ओकारी झालेली, तोंडातून लाळ, बुबुळं मोठी, पापण्या जड. तासाभरात पुढचे पायही पसरतात. हे वर्णन ऐकलं की मण्यार डोळ्यांसमोर यावी. मण्यार रात्री हिंडते, तिचे दात बारीक असतात आणि दंशाची खूण केसांत सापडत नाही. कुत्रा नाकानं जग बघतो, त्यामुळे दंश बहुतेकदा थोबाडावर किंवा पुढच्या पंजावर असतो आणि लुळेपणा मात्र मागून सुरू झालेला दिसतो. नागाचंही विष नसांवर जातं, पण दंशाची जागा सहसा सुजते. घोणशीचं काम वेगळं: सूज, कळा, रक्त गोठायचं थांबतं. त्याची चाचणी तालुक्याच्या ठिकाणीही होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय.

कुत्र्यासाठी आपल्याकडे वेगळं प्रतिविष नाही. माणसाला देतात तेच देतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तातून तयार केलेलं. परळला १८९९ मध्ये प्लेगच्या लशीसाठी उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेतून जी हाफकिन संस्था वाढली, तिच्या नावानं निघालेल्या महामंडळाचं प्रतिविषाचं काम पिंपरीत, म्हणजे मावळच्या अगदी शेजारी चालत आलं आहे. मात्र कुत्रा लहान म्हणून कुप्या कमी लागतील हा हिशेब चुकीचा. सापानं विष वजन करून सोडलेलं नसतं. लहान अंगात तेवढंच विष, म्हणून प्रतिविषही तेवढंच. नागाच्या दंशात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन श्वास परत आणायला मदत करतं, मण्यारीच्या दंशात त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथं प्रतिविष लवकर आणि श्वास चालू ठेवण्याची सोय, एवढंच. मंत्र, चिरा देणं, करकचून दोरी बांधणं यांत जाणारा वेळ हा श्वासाचा वेळ असतो. साप दिसला तर लांबून फोटो काढा, मारायला जाऊ नका. दुसरा रुग्ण तुम्हीच व्हाल.

पाऊस ओसरला, की सापांपेक्षा गोचीड जास्त कुत्रे पाडते. हा लुळेपणा खरा नसतो. कुत्रा उठतो, चार पावलं जातो, पुन्हा बसतो. पाय चालतात, अंगात रक्त नसतं. अशा वेळी वरचा ओठ उचलून हिरड्या बघाव्यात. गुलाबी हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत भरून यायला हवा. हिरडी खडूसारखी पांढरी असेल, लघवी चहासारखी असेल, तर बाबेसिया नावाचा परजीवी तांबड्या पेशी फोडत असण्याचा संभव मोठा. नाकातून रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर एहर्लिकियाचा संशय. दोन्ही गोचिडीतून येतात. गोठ्यालगतच्या कुत्र्याच्या कानाच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यांत बोट घाला, गोचीड तिथं दाणा होऊन बसलेली असते. कानाच्या टोकाच्या एका थेंबानं केलेली रक्ताची काच, एक सूक्ष्मदर्शक आणि रोग एहर्लिकियाचा निघाला तर डॉक्सिसायक्लिनचे सुमारे चार आठवडे. निदान वेळेत झालं तर यातून कुत्रा सहसा उठतो. दहा दिवसांनी अंग हुशारलं म्हणून गोळ्या बंद करणारे मालक त्याला पुन्हा बसवतात.

पांढऱ्या हिरडीचं दुसरं कारण याहून वाईट. आठ-दहा वर्षांचा जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोर, काल हिंडलेला, आज एकाएकी कोसळला, पोट तटतटलेलं, हिरड्या पांढऱ्या. प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्त साचलेलं असू शकतं. इथं तेल, शेक, पायांची तपासणी सगळं बाजूला ठेवून गाडी काढायची.

आणि लोणावळा म्हटल्यावर मिठाई आलीच. चिक्कीनं सहसा पोट बिघडतं, फार तर स्वादुपिंड सुजतं. चॉकलेटच्या फजनं छाती धडधडते, अंग थरथरतं. पण पर्यटकांच्या खिशातल्या बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल अर्ध्या-एक तासात कुत्र्याची साखर पाडतं, आणि साखर पडलेला कुत्रा पाय गेल्यासारखाच लुळा होतो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर प्रेमानं खाऊ घालणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. भाताच्या खाचरांत फवारलेली कीटकनाशकं पोटात गेली तर लाळ, थरथर आणि लुळेपणा एकदम येतो. त्यावर उतारा आहे, पण डबा दाखवला तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

एका दुखण्याबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण त्यात कुत्र्याबरोबर माणूस जातो. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की आपल्याला अंगावर येणारा, दिसेल त्याला चावणारा कुत्रा दिसतो. रेबीजचं दुसरं रूप शांत असतं. मागचे पाय लुळे पडतात, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. भल्या माणसाला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि तो तोंडात हात घालतो. लस न टोचलेल्या, वाडीवर मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याचे पाय गेले आणि जबडा लोंबला, तर त्याच्या तोंडाजवळ जायचं नाही. बंद जागेत ठेवून पशुवैद्याला आणि ग्रामपंचायतीला कळवायचं. हात घातला असेल, लाळ खरचटलेल्या जागी लागली असेल, तर नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करायची. तिथं ती मोफत मिळते. ‘चावला नाही, नुसतं चाटलं’ यावर वाद घालत बसायचं नाही. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ वाचतच नाही. गोव्यानं कुत्र्यांना गावोगाव लस टोचून २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य होऊन दाखवलं. घाटापलीकडे होतं ते घाटमाथ्यावर का होऊ नये, याचं उत्तर मला पैशात तरी सापडत नाही.

लस चुकलेल्या पिलांत डिस्टेंपरही मागच्या पायांवर उतरतो. आधी ताप, डोळ्यांत चिपडं, खोकला. ते बरं झाल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन आठवड्यांनी पाय डळमळतात, एखादा स्नायू झोपेतही टिकटिक उडत राहतो. त्यावर औषध नाही, लस आहे.

मग थांबता कशात येतं? एकच पाय उचललाय, बाकीचे तीन भक्कम, खातोय, गेटवर भुंकतोय, शेपटी हलतेय, तर दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं. पोमेरेनियन चालता चालता तीन उड्या मारून पुन्हा नीट चालतो, ती सरकणारी गुडघ्याची वाटी असते. वजनदार लॅब्राडोर खेळून आला आणि मागचा पाय टेकवेना, तर गुडघ्याचा अस्थिबंध तुटला असेल. ते दुखणं खरंच पायातलं. भुशीच्या वाटेवरच्या फुटक्या बाटल्यांची काचही. पण दोन्ही मागचे पाय एकदम गेले, पाय उलटे पडू लागले, लघवी तुंबली, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर झाल्या, श्वास उथळ झाला, पंजे थंडगार पडले, गाडीची धडक बसली, किंवा लुळेपणा मागून पुढे सरकू लागला, यातलं काहीही एक दिसलं की रात्र असो वा रविवार, निघायचं.

निघण्याआधी दोन मिनिटं मात्र द्यायची. फरशीवर नव्हे, सतरंजीवर किंवा मातीवर कुत्रा कसा हलतो याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. शेवटचा नीट कधी चालला, शेवटची लघवी कधी केली, काय खाल्लं, लस कधीची, हे कागदावर लिहा. दवाखान्यात गेल्यावर हे कुणालाच धड आठवत नाही. उचलताना काखेत हात घालून लोंबकळवू नका. पाट, कपाटाची फळी, इस्त्रीचं टेबल, काही नसेल तर दोघांनी ताणून धरलेली चादर. वेदनेनं घरचा कुत्राही चावतो, म्हणून ओढणीनं तोंड हलकं बांधा, पण श्वास लागलेला असेल किंवा ओकत असेल तर मुळीच बांधू नका. आणि आधी फोन करा. प्रतिविष आहे का, ऑक्सिजन आहे का, क्ष-किरण आत्ता होईल का, हे तीन प्रश्न विचारले की फुकटची खेप वाचते.

कुठं जायचं हा प्रश्न मावळात सोपा नाही. गावोगावचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुळात गाई-म्हशींसाठी घडलेले, १९६२ या क्रमांकावर येणारं फिरतं पथकही प्रामुख्यानं जनावरांसाठी. तिथले डॉक्टर कुत्रा बघतात, प्राण वाचवणारी पहिली सुई देऊ शकतात. मज्जारज्जूची शस्त्रक्रिया तिथं होणार नाही. त्यासाठी पुणं किंवा मुंबई. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये उघडलं. नावं मोठी आहेत, पण रविवारी संध्याकाळी लोणावळ्यातून मुंबईची वाट धरणं म्हणजे बोरघाटातल्या रांगेत उभं राहणं. माझं मत विचाराल तर कामशेत, तळेगाव करत पुण्याकडे सुटावं, वाटेत पहिल्या सापडेल त्या पशुवैद्याकडून कुत्रा स्थिर करून घ्यावा. आपले नेहमीचे डॉक्टर अंधेरीचे आहेत, हे अशा रात्री कारण होऊ शकत नाही.

निदान झालं, इंजेक्शनं झाली, कधी शस्त्रक्रियाही झाली, की मालक विचारतो, ‘आता याला झोपवायचं का?’ खोल वेदना शिल्लक असलेल्या कुत्र्याबाबत हा प्रश्न पहिल्या आठवड्यात काढूच नये. गेलेलं सगळं उलट्या क्रमानं परत येतं: आधी वेदना, मग शेपटीची हालचाल, मग पाय, सगळ्यांत शेवटी तोल. त्याला आठवडे लागतात. वेदना कधीच परत न आलेल्या कुत्र्यांपैकीही काही महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामानंतर मेंदूला न विचारता, मज्जारज्जूच्या भरवशावर वेडीवाकडी पावलं टाकायला शिकतात. बाकीच्यांना मागे दोन चाकांचा गाडा लावता येतो. असा कुत्रा नको झाला म्हणून घाटात उपाशी-तहानेला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

घरी आणल्यावरची खरी लढाई मूत्राशयाची. पाय गेलेल्या कुत्र्याखाली ओलं दिसतं आणि घरचे म्हणतात, लघवी होतेय. बऱ्याचदा ती होत नसते. तुंबलेल्या मूत्राशयातून ओघळत असते. पोट दोन्ही हातांनी मागच्या बाजूला अलगद दाबून दिवसातून तीन-चार वेळा ते रिकामं करावं लागतं, नाहीतर जंतू वर चढतात. दर काही तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर नितंबाच्या हाडावर जखम होते. लोणावळ्याच्या बंगल्यांवर सोमवारी मालक मुंबईला परततो आणि हे सगळं माळ्याच्या गळ्यात पडतं. मूत्राशय कुठं लागतं, किती दाबायचं, धार कधी थांबते, हे डॉक्टर दहा मिनिटांत हातानं शिकवतात. दवाखान्यात त्या वेळी मालकाबरोबर माळ्यालाही आत बोलवा.